झहीर खान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारताचा डावखुरा वेगवान गोलंदाज झहीर खान याने खेळणं थांबवून बरीच वर्षं झाली, पण त्याच्याबद्दलचे प्रश्न येतच असतात. काही आकड्यांबद्दल, काही त्या २००३च्या विश्वचषक फायनलबद्दल, आणि बरेचसे 'तो नक्की किती मोठा होता' याबद्दल. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न वाचकांच्याच भाषेत इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. झहीर खान नक्की कुठला? श्रीरामपूरचा, मुंबईचा की बडोद्याचा?

श्रीरामपूरचा. जन्म ७ ऑक्टोबर १९७८. नगर जिल्ह्यातला हा साखर कारखान्यांचा पट्टा. दौंड-मनमाड रेल्वेमार्गावर श्रीरामपूरला उतरायचं तर तिकीट बेलापूरचं काढावं लागायचं. लहानपणीचं क्रिकेट इथलंच. पुढे तो मुंबईत आला, पहिलं मोठं क्रिकेट बडोद्याकडून खेळला आणि नंतर मुंबईकडूनही रणजी खेळला. त्यामुळे तिन्ही गावं त्याच्यावर हक्क सांगतात. श्रीरामपूरचा हक्क पहिला, एवढं मात्र ठामपणे म्हणता येईल. तालुक्याच्या गावातून वेगवान गोलंदाज निघून भारताकडून नव्वदहून जास्त कसोटी खेळतो, ही गोष्ट महाराष्ट्रात त्याच्याआधी कुणी पाहिली नव्हती.

२. 'जहीर' लिहायचं की 'झहीर'?

मराठीत 'झहीर' रूढ आहे, कारण दंततालव्य उच्चार आपण 'झ'ने दाखवतो. हिंदी वर्तमानपत्रांत 'ज'खाली नुक्ता देतात, तो मराठीत गळून पडला की 'जहीर' होतं. मैदानावर तो सगळ्यांचा 'झॅक'.

३. राहायला मुंबईत होता, तर मग बडोद्याकडून का खेळला?

मुंबईत गर्दी होती म्हणून. पण त्याआधीची वाट महत्त्वाची आहे. मुंबईत त्याला हात दिला तो सुधीर नाईक यांनी. नाईक स्वतः भारताकडून कसोटी खेळलेले सलामीवीर, आणि त्यांचा नॅशनल क्रिकेट क्लब म्हणजे मैदानी क्रिकेटमधलं मानाचं नाव. इंजिनीअरिंग सोडून आलेला हा मुलगा चेंडू जोरात टाकतो, एवढ्या भांडवलावर नाईकांनी त्याला क्लबात घेतलं.

तिथून तो वेगवान गोलंदाज घडवणाऱ्या चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला. टी. ए. शेखर आणि डेनिस लिली यांनी त्याच्या वेगाला आकार दिला. मुंबईच्या रणजी संघात तेव्हा जागा मिळणं अवघड होतं आणि वेगवान गोलंदाज शिकतो तो सामन्यांत. म्हणून बडोदा. १९९९-२०००च्या हंगामात त्याने तिथून पदार्पण केलं आणि पुढच्याच वर्षी, २०००-०१ला, बडोद्याने रेल्वेला हरवून रणजी करंडक जिंकला. त्या अंतिम सामन्यातल्या शेवटच्या डावात झहीरने पाच गडी बाद केले.

४. भारताकडून पहिला सामना कोणता? स्टीव्ह वॉचा त्रिफळा त्यातच उडवला का?

नाही, इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. पहिला एकदिवसीय सामना ३ ऑक्टोबर २००० रोजी नैरोबीत, केनियाविरुद्ध. आयसीसी नॉकआउट स्पर्धा होती ती. वॉचा यॉर्कर त्याच स्पर्धेत, पण पुढच्या सामन्यात, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. बावीस वर्षांच्या पोराने जगज्जेत्या संघाच्या कर्णधाराची यष्टी पायाशी चेंडू टाकून उखडली, म्हणून लोकांच्या आठवणीत तेच त्याचं पदार्पण होऊन बसलं.

पहिली कसोटी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ढाक्यात. बांगलादेशच्या इतिहासातलीही ती पहिलीच कसोटी होती.

५. एकदिवसीय बळी कुठे २८२ दिसतात, कुठे २६९. खरं काय?

दोन्ही खरे. २८२ बळी २०० सामन्यांतले आहेत, आणि त्यात आशिया इलेव्हनकडून आफ्रिका इलेव्हनविरुद्ध खेळलेले ६ सामने धरले आहेत. आयसीसीने त्या सामन्यांना अधिकृत दर्जा दिला होता. केवळ भारताकडून मोजलं तर १९४ सामन्यांत २६९. 'भारतासाठी सर्वाधिक बळी' अशी यादी असेल तर २६९ धरावेत, 'कारकिर्दीतले बळी' असतील तर २८२.

बाकीचे आकडे: ९२ कसोटींत ३११ बळी, सरासरी ३२.९४, डावात पाच बळी ११ वेळा, सामन्यात दहा बळी एकदाच. ते दहा, आणि त्याच सामन्यातली ८७ धावांत ७ ही सर्वोत्तम कामगिरी, जानेवारी २०१०मध्ये मीरपूरला बांगलादेशविरुद्ध. एकदिवसीयमध्ये डावात पाच बळी एकदाच, मडगावला श्रीलंकेविरुद्ध, २००७ साली. आंतरराष्ट्रीय टी-२०त १७ सामने, १७ बळी.

६. २००३च्या फायनलमधलं ते पहिलं षटक! तेव्हा नक्की काय झालं?

हा प्रश्न दरवर्षी २३ मार्चच्या आसपास हमखास येतो. जोहान्सबर्ग, नाणेफेक जिंकून भारताने क्षेत्ररक्षण घेतलेलं, आणि पहिलं षटक झहीरचं. वाइड, नो-बॉल, हेडन आणि गिलख्रिस्टशी नजरानजर आणि बोलाचाली, आणि षटकाच्या शेवटी फलकावर १५. सामन्यात त्याने ७ षटकांत ६७ धावा दिल्या. ऑस्ट्रेलिया २ बाद ३५९.

चोवीस वर्षांचा गोलंदाज अंगातल्या सगळ्या ताकदीनिशी भावनेच्या भरात चेंडू टाकत होता आणि चेंडू त्याचं ऐकत नव्हता. यापेक्षा वेगळं काही घडलं नाही. पण त्या एका षटकावरून त्याची ती सगळी स्पर्धा मोजणं मला कधीच पटलं नाही. ११ सामन्यांत १८ बळी घेऊन तो त्या विश्वचषकातला भारताचा सर्वांत यशस्वी गोलंदाज होता, श्रीनाथच्या १६ आणि नेहराच्या १५ बळींच्याही पुढे. सेंच्युरियनला न्यूझीलंडविरुद्ध ४२ धावांत ४ बळी घेतले होते ते याच स्पर्धेत.

ज्यांना या प्रश्नाचं उत्तर अजून पूर्ण मिळालं नसेल त्यांनी प्रश्न १२ वाचावा. झहीरने ते तिथे दिलं आहे.

७. मधे तो संघाबाहेर होता ना? का, आणि परत कसा आला?

त्याची कारकीर्द समजून घ्यायची तर हा काळ वगळून चालत नाही.

२००३च्या डिसेंबरमध्ये ब्रिस्बेनला त्याने ९५ धावांत ५ बळी घेतले आणि लगेच मांडीचा स्नायू दुखावला. त्यानंतर दोन वर्षं दुखापत, पुनरागमन, पुन्हा दुखापत असं चक्र चाललं. तोवर इरफान पठाण आला, आर. पी. सिंग आला, श्रीसंत आणि मुनाफ आले. इरफान आणि आर. पी. तर डावखुरेच. २००६च्या सुरुवातीला झहीरची संघातली जागा गेली होती.

त्या उन्हाळ्यात तो वूस्टरशर काउंटीकडून खेळायला इंग्लंडला गेला. काउंटी म्हणजे आज इथे चार दिवस, उद्या बसने दुसऱ्या गावी, परवा पुन्हा गोलंदाजी. टीव्ही नाही, गर्दी नाही. नुसती षटकं. पहिल्याच सामन्यात त्याने दहा बळी घेतले. त्या काउंटीकडून पदार्पणात असं शंभरहून जास्त वर्षांत कुणी केलं नव्हतं. हंगामाअखेर चॅम्पियनशिपमध्ये ७८ बळी झाले होते.

बळींपेक्षा मोठा बदल त्याच्या पायांत झाला. पूर्वी तो लांबून धावत येऊन शेवटी उंच उडी घ्यायचा. त्या उडीत वेग मिळायचा, पण शरीर झिजायचं आणि तोल कधी सापडायचा, कधी नाही. त्याने रनअप कमी केला, उडी लहान केली. वेग थोडा उतरला आणि चेंडू ताब्यात आला. वेगवान गोलंदाजाला वेग सोडायला सांगणं म्हणजे गवयाला वरचा सूर सोडायला सांगण्यासारखं आहे. झहीरने तो स्वतःहून सोडला, वयाच्या सत्ताविशीत, संघात परत घेतील याची कुठलीही हमी नसताना. माझ्या मते त्याच्या ३११ कसोटी बळींपैकी सगळ्यांत मोलाचे या निर्णयानंतरचे आहेत.

वर्षअखेरीस तो दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होता. जोहान्सबर्गला भारताने त्या देशातली आपली पहिली कसोटी जिंकली, त्यात त्याचे पाच बळी होते. त्याच मोसमात तो बडोदा सोडून मुंबईकडून रणजी खेळू लागला आणि मुंबईने करंडक जिंकला.

८. एका डावात दहाही बळी घेण्याची संधी हुकली, हे खरं का?

खरं. वूस्टरशरकडूनच, २००६मध्ये एसेक्सविरुद्ध. डावातले पहिले नऊच्या नऊ बळी त्याचे. दहावाही मिळाला असता, पण त्याच्या चेंडूवर यष्टिरक्षकाकडून झेल सुटला. १३८ धावांत ९ वर पृथक्करण थांबलं. भारताकडून डावात दहा बळी घेणारा एकच, अनिल कुंबळे; तो विक्रम कसोटीतला आहे आणि हा काउंटीतला, त्यामुळे दोन्हींची तुलना करू नये.

९. जेली बीन्सचं प्रकरण काय होतं?

२००७, ट्रेंट ब्रिज, दुसरी कसोटी. झहीर फलंदाजीला आला तेव्हा खेळपट्टीवर जेलीच्या गोळ्या पडलेल्या. त्याने बाजूला केल्या, तर पुन्हा कुणीतरी टाकल्या. तो भडकला, बॅट दाखवून पीटरसनला जाब विचारला. इंग्लंडने थट्टा म्हणून केलं होतं म्हणे.

दुसऱ्या डावात त्याने ७५ धावांत ५ गडी बाद केले. पहिल्या डावात ५९ धावांत ४ घेतलेच होते. सामन्यात नऊ बळी, सामनावीर, आणि भारत सात गड्यांनी विजयी. तीन कसोटींची ती मालिका भारताने १-० जिंकली. इंग्लंडमध्ये १९८६नंतरचा तो पहिला मालिकाविजय. झहीरचे मालिकेत १८ बळी. पुढच्या वर्षी विस्डेन या क्रिकेटच्या मानाच्या वार्षिकाने त्याला वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंमध्ये निवडलं.

गोळ्यांची गोष्ट रंगवून सांगितली जाते, पण रागाने चेंडू स्विंग होत नाही. २००३ला रागच तर नडला होता. ट्रेंट ब्रिजला तो चिडलेला होता आणि तरीही टप्पा जागच्या जागी पडत होता. मला त्या सामन्यात हेच दिसतं.

१०. पळत येताना तो दुसऱ्या हाताने चेंडू का झाकायचा?

चकाकी कुठल्या बाजूला आहे ते फलंदाजाला कळू नये म्हणून. नवा चेंडू साधारणपणे खरबरीत बाजूकडे वळतो. चेंडू जुना होऊन एक बाजू पार खडबडीत झाली आणि दुसरी घासून घासून जपली, की पुरेशा वेगात तो उलटा, म्हणजे चकाकत्या बाजूकडे वळू लागतो. हाच रिव्हर्स स्विंग. चांगला फलंदाज गोलंदाजाच्या हातातली चकाकी पाहून चेंडू आत येणार की बाहेर जाणार ते आधीच ताडतो. झहीर चेंडूवर उजवा हात धरून येई आणि अगदी शेवटच्या क्षणी तो बाजूला घेई. तोवर फलंदाजाची वेळ संपलेली असे.

भारतीय खेळपट्ट्यांवर चाळीस षटकांनंतर वेगवान गोलंदाज केवळ फिरकीपटूंना विश्रांती देण्यापुरता उरतो, हा समज झहीरने मोडला. जुना चेंडू त्याला नव्याइतकाच आवडायचा.

११. डावखुरे फलंदाज त्याच्यासमोर एवढे का अडखळायचे?

कोनामुळे. डावखुरा गोलंदाज ओव्हर द विकेट, म्हणजे चेंडू टाकणारा हात यष्ट्यांच्या बाजूला ठेवून, आला की डावखुऱ्या फलंदाजाला चेंडू अंगावर येतोय असं वाटतं, म्हणून खेळावंच लागतं. झहीरचा चेंडू तिथून शेवटच्या क्षणी बाहेर निघायचा: बॅटची कड, आणि मागे यष्टिरक्षक किंवा स्लिप. ग्रॅम स्मिथला हे दुखणं कारकीर्दभर पुरलं. हेडन, संगकारा, स्ट्रॉस, कुक यांनाही त्याने छळलं.

उजव्या फलंदाजाला तोच चेंडू आत यायचा. शिवाय राउंड द विकेट, म्हणजे यष्ट्यांच्या दुसऱ्या बाजूने, येऊन दोन्हीकडे वळवण्याची कला त्याने २००६नंतर घोटली होती, त्यामुळे उजव्यांनाही फार सुख नव्हतं.

१२. २०११च्या फायनलमध्ये त्यानेही ६० धावा दिल्याच की. मग एवढं कौतुक कशाचं?

पृथक्करण १०-३-६०-२ (षटकं, निर्धाव, धावा, बळी) असं दिसतं. पण पहिली पाच षटकं पाहा: ५-३-६-१. पहिली तिन्ही षटकं निर्धाव. उपुल थरंगा डावखुरा, आणि बाद झाला तो प्रश्न ११मध्ये लिहिलंय अगदी तसाच. स्लिपमध्ये सेहवागने उजवीकडे झेपावत झेल घेतला. पुढच्या धावा बऱ्याचशा शेवटच्या षटकांत गेल्या, जयवर्धने आणि परेरा मोकळे सुटले तेव्हा.

आठ वर्षांपूर्वी फायनलच्या पहिल्या षटकात १५ धावा देणारा हाच माणूस. मधल्या काळात त्याने काय कमावलं ते त्या तीन निर्धाव षटकांत आहे.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. वानखेडेची ती खेळपट्टी ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाली ते क्युरेटर सुधीर नाईक, म्हणजे प्रश्न ३मधलेच. २ एप्रिल २०११ला त्यांचा मुलगा म्हणावा असा गोलंदाज त्यांनी राखलेल्या मातीवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा पहिला चेंडू टाकत होता. नाईक २०२३मध्ये गेले. झहीरबद्दल लिहिताना त्यांचं नाव वगळणं मला जमत नाही.

स्पर्धेत झहीरचे २१ बळी, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक.

१३. नकल बॉल त्यानेच शोधला का?

नाही, बेसबॉलमध्ये तो फार जुना आहे. पण मोठ्या स्पर्धेत तो इतक्या बेमालूम वापरणारा भारतीय गोलंदाज झहीरच पहिला. तर्जनी आणि मधलं बोट दुमडून चेंडू त्यांच्या पेरांवर टेकवायचा. हात नेहमीच्याच वेगाने फिरतो, मनगटात काही बदल दिसत नाही, पण बोटांचा जोर न मिळाल्याने चेंडू रेंगाळत येतो. २०११च्या विश्वचषकात चेन्नईला वेस्ट इंडिजचा डेव्हन स्मिथ ८१ धावांवर खेळत असताना आणि अहमदाबादला उपांत्यपूर्व सामन्यात माइक हसी, दोघांचेही त्रिफळे याच चेंडूने उडाले. आधी स्पर्धेपर्यंत तो झाकून ठेवला, आणि मग नेमक्या वेळी काढला.

१४. विश्वचषकातला त्याचा भारतीय विक्रम अजून टिकून आहे का?

नाही. २००३, २००७ आणि २०११ मिळून ४४ बळी, श्रीनाथच्या बरोबरीने, असा तो विक्रम होता. मोहम्मद शमीने तो २ नोव्हेंबर २०२३ रोजी मोडला. योगायोगाने तेही वानखेडेवर, श्रीलंकेविरुद्धच.

१५. २००७चा टी-२० विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो होता का?

नव्हता. २००९, २०१० आणि २०१२च्या टी-२० विश्वचषकांत खेळला.

१६. फलंदाज म्हणून काही विक्रम?

एक होता, आणि झकास होता. डिसेंबर २००४, ढाका: अकराव्या क्रमांकावर येऊन ७५ धावा. दुसऱ्या टोकाला सचिन, नाबाद २४८. दोघांची भागीदारी १३३. अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजाची कसोटीतली ती तेव्हाची सर्वोच्च खेळी होती; पुढे टिनो बेस्टने आणि मग ॲश्टन एगरने ती मागे टाकली. २००८मध्ये बंगळुरूला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाच बळी आणि नाबाद ५७ धावा करून तो सामनावीर ठरला. आणि २००२च्या नॅटवेस्ट फायनलमध्ये विजयी धाव निघाली तेव्हा कैफच्या जोडीला मैदानावर झहीरच होता.

१७. कसोटी सरासरी ३२.९४. मग त्याला महान कसं म्हणायचं? बुमराहची तर विसाच्या आसपास आहे.

प्रश्न रास्त आहे आणि बुमराह सरस गोलंदाज आहे, हे मान्य करायला मला अडचण वाटत नाही. पण ३२.९४ हा दोन झहीरांचा मिळून एक आकडा आहे. एक २००५पर्यंतचा, वेगवान आणि बेभरवशाचा; दुसरा प्रश्न ७नंतरचा. शिवाय त्याचे सुमारे दोन तृतीयांश कसोटी बळी परदेशातले आहेत. घरी चेंडू लवकर कुंबळे आणि हरभजनच्या हातात जायचा.

आणि आज भारताकडे एका वेळी चार-पाच वेगवान गोलंदाज तयार असतात, तेव्हा तसं नव्हतं. श्रीनाथ निवृत्त झाल्यावर या फळीचं ओझं झहीरच्या खांद्यावर आलं. मिडऑफला उभं राहून तो ईशांतला, श्रीसंतला प्रत्येक चेंडूआधी काहीतरी सांगताना दिसायचा. त्याचा कुठल्याच पृथक्करणात रकाना नाही.

कसोटीत ३०० बळी घेणारा तो कपिलदेवनंतरचा दुसराच भारतीय वेगवान गोलंदाज. तीनशेवा बळी जॅक कॅलिसचा, डिसेंबर २०१३, जोहान्सबर्ग. नंतर ईशांत शर्माही बरोबर ३११वरच थांबला. डावखुऱ्या वेगवान गोलंदाजांच्या जागतिक यादीत त्याच्या पुढे अक्रम, स्टार्क, वास, बोल्ट आणि जॉन्सन एवढेच.

१८. २०११च्या इंग्लंड दौऱ्यात तो खेळला असता तर निकाल बदलला असता?

भारत ४-० हरला नसता, एवढं नक्की म्हणेन. लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी १३.३ षटकांत १८ धावा देऊन त्याने कुक आणि स्ट्रॉस दोघांना बाद केलं होतं. चौदाव्या षटकात मांडीचा स्नायू धरून तो थांबला आणि मालिकेतूनच बाहेर पडला. जगात अव्वल असलेला संघ त्या दुपारनंतर सावरलाच नाही.

१९. निरोपाचा सामना का झाला नाही?

शेवटचा एकदिवसीय सामना ऑगस्ट २०१२मध्ये पल्लेकेलेला, शेवटची कसोटी फेब्रुवारी २०१४मध्ये वेलिंग्टनला. त्या शेवटच्या डावात पस्तिशी ओलांडलेल्या झहीरने ५१ षटकं टाकून १७० धावांत ५ बळी घेतले, आणि ३०२ धावा करणाऱ्या मॅक्युलमला अखेर बाद केलं तेही त्यानेच. १५ ऑक्टोबर २०१५ला निवृत्ती जाहीर करताना त्याने कारण साधं दिलं: दिवसाला अठराएक षटकं टाकण्याचा भार खांदा आता पेलणार नाही. ज्याचं सगळं क्रिकेट शरीर ओळखून उभं राहिलं, त्याने तेच ओळखून थांबणं मला त्याला शोभेसं वाटलं.

२०. आयपीएल आणि त्यानंतर?

बंगलोर, मुंबई, पुन्हा बंगलोर, पुन्हा मुंबई आणि शेवटी दिल्ली, असा २००८ ते २०१७ प्रवास. १०० सामन्यांत १०२ बळी. शेवटचे दोन हंगाम दिल्लीचा कर्णधार. नंतर मुंबई इंडियन्समध्ये क्रिकेट संचालक, २०२५च्या हंगामात लखनौ सुपर जायंट्सचा मार्गदर्शक. अर्जुन पुरस्कार २०११, पद्मश्री २०२०.

२१. माझ्या मुलीला झहीरचा एकच स्पेल दाखवायचा आहे. कुठला दाखवू?

ट्रेंट ब्रिज म्हणावंसं वाटतं, पण मुलीसाठी २७ फेब्रुवारी २०११, बंगळुरू. विश्वचषक, इंग्लंडपुढे ३३९चं लक्ष्य, २ बाद २८१ झालेले, स्ट्रॉस १५८वर. पाटा खेळपट्टी, जुना चेंडू, मैदानात सन्नाटा. झहीर परत येतो. बेल कोहलीच्या हाती झेल देतो. पुढच्याच चेंडूवर यॉर्कर, स्ट्रॉस पायचीत. त्याच्या पुढच्या षटकात कॉलिंगवूडचा त्रिफळा. सामना शेवटी बरोबरीत सुटला, त्यामुळे विजयाच्या फेरीत तो स्पेल दाखवत नाहीत. तिला सांगा, स्ट्रॉसच्या चेंडूला बॅटकडे पाहू नकोस, झहीरच्या उजव्या हाताकडे बघ.